बिनधारेचं उलथणं

मित्रांनो, काटेवाडीच्या कुंडलिक गवंड्याची मुलगी रतन हिचं लग्न ज्या वैशाखात झालं, त्याच्या आदल्या महिन्यात माझा जन्म झाला. साल होतं १९८१. त्यामुळं माझं वय काढायला पंचांग लागत नाही. रतनच्या लग्नाला किती वर्षं झाली एवढं विचारलं की पुरे.

मी एक जुनं उलथणं आहे. तव्यावरची भाकरी उलटायची, थालीपीठ अलगद काढायचं, कढईचा तळ खरवडायचा, हे माझं काम. पण आयुष्यात एकदा मी एक अख्खी भिंत सोडवली. त्याची गोष्ट सांगायची म्हणून आज बोलायला बसलो आहे.

माझं लोखंड माझ्यापेक्षा पुष्कळ जुनं. कुंडलिक आबांच्या वडिलांच्या काळी घरात मेंढरं होती. पुढं कळप मोडला, थोडी जमीन आली, एक बैलगाडी आली. त्या गाडीच्या चाकावर जी लोखंडी पट्टी असते, तिला धाव म्हणतात. ती झिजून फुटली तेव्हा आबांनी ती टाकून दिली नाही. रतनच्या लग्नाची भांडीकुंडी जमवताना ते ती पट्टी घेऊन वडगाव निंबाळकरच्या सिद्धू लोहाराकडं गेले. बरोबर साखरबाई होत्या. साखरबाई म्हणजे आबांची बायको आणि माझी मालकीण.

सिद्धूनं पट्टी तापवली, ठोकली, पातळ केली आणि सवयीप्रमाणं कडेला धार लावायला कानस उचलली. साखरबाई लगेच म्हणाल्या, "थांब रं दादा. पातळ कर, पण धार लावू नगंस. मला भाकरी उलथायची हाय, बकरं कापायचं न्हाय."

सिद्धू हसला. पण त्यानं ऐकलं. म्हणून मी जन्मापासून बिनधारेचा राहिलो. त्या पट्टीतून आम्ही दोघं निघालो. माझं जुळं भावंड रतनबरोबर रुखवतात बसून डाळजला, तिच्या सासरी गेलं. मी काटेवाडीत साखरबाईंच्या चुलीजवळ राहिलो.

त्याच वैशाखात आमच्या घरात आणखी एक जन्म झाला. तो आतल्या खोलीतल्या, दारासमोरच्या भिंतीचा. भिंत दगडमातीची जुनीच होती, पण लेकीच्या लग्नासाठी आबांनी तिला नवा गिलावा केला. गावात तेव्हा सगळे सिमेंट वापरू लागले होते. आबा म्हणाले, "लेकीच्या लग्नाला चुनाच." त्यांनी कळीचा चुना आणून पाण्यात विरवला, चुन्याच्या घाणीत बैल जुंपून वाळूबरोबर दळला, त्यात गुळाचं आणि हिरड्याचं पाणी घातलं. गिलावा झाल्यावर वर संगजिऱ्याची मऊ पांढरी पूड मारली आणि नदीतल्या गुळगुळीत गोट्यानं चार दिवस भिंत घोटली. हळदीच्या दिवशी रतन भिंतीजवळ बसली, तेव्हा भिंतीत एक पिवळी सावली हलली. बायका म्हणाल्या, "अगं बया, हिच्यात तर तोंड दिसतंय!"

आबांनी नुसता हात फिरवला त्या भिंतीवरून. उरलेला चुना त्यांनी एका मडक्यात भरला, वर पाणी ओतलं आणि मडकं परसात गळ्यापर्यंत पुरून ठेवलं. पाणी आटलं की ते पुन्हा भरायचे. पुढं सोळा वर्षं भरत राहिले. साखरबाई म्हणायच्या, "लोणचं घातलंय का चुन्याचं?"

मित्रांनो, माझी कामाची वर्षं फार सुखाची गेली. साखरबाई डावखुऱ्या. त्यामुळं माझा एक कोपरा जास्त झिजला आणि गोल झाला. घरात दोन म्हशी होत्या. दूध जास्त झालं की साखरबाई पितळी कढईत खवा आटवायच्या. खवा तळाला धरला की खरवड उरते. ती खरवड काढायला मी. खरवडीचा पहिला घास कुणाला, यावरून पोरं भांडायची आणि माझ्याकडं देवाकडं बघावं तशी बघायची.

पण खरवड काढणं हे वाटतं तितकं सोपं नाही. पितळी भांड्याला आतून कल्हई असते. ती चांदीसारखी पांढरी साय म्हणजे भांड्याची कातडीच. जोर केला तर ओरखडा पडतो, खालचं पितळ उघडं होतं, आणि मग त्यात दूध नासतं. साखरबाईंचा एक नियम होता. आधी कोमट पाणी घालायचं. मग थांबायचं. मग मला आडवं धरायचं, तळाला जवळजवळ निजवायचं, आणि खरवडीच्या खालून सरकवायचं. उभं धरून कधी टोचायचं नाही. "भिजव, थांब, मग काढ," असं त्या सुनेला शिकवायच्या. कल्हईवाला वर्षातून एकदा यायचा आणि आमची कढई बघून म्हणायचा, "मावशे, तुझ्यामुळं माझं पोट भरायचं न्हाय."

ही माझी सगळ्यात मोठी शाबासकी.

१९९३ साली आबांचा मुलगा मल्हार याला मुलगी झाली. मल्हार बारामतीत एका साहेबांच्या गाडीवर ड्रायव्हर होता. साहेबांच्या बंगल्यात त्यानं भिंतीला लावायचा कागद पाहिला आणि त्याच्या मनात तो कागद भरला. बारशाला पाहुणे येणार म्हणून त्यानं पुण्याहून चार गुंडाळ्या आणल्या. कागद जाड, फुगीर, वर लाल विटांचा उठाव. हात फिरवला की बोटांना खोट्या विटा लागायच्या. विटांमधून द्राक्षाचे वेल गेले होते. काटेवाडीत असा कागद कुणी पाहिला नव्हता.

गंमत अशी झाली की मल्हार कागद घेऊन आला आणि चिकटवायचा गोंद आणायलाच विसरला. दुसऱ्या दिवशी बारसं. तो डोक्याला हात लावून बसला. साखरबाई म्हणाल्या, "त्यात काय? खळ शिजवते." त्यांनी मोठ्या पातेल्यात दोन शेर कणीक पाण्यात कालवली, खळ नासू नये म्हणून चिमूटभर मोरचूद टाकला आणि चुलीवर ठेवली. गुठळ्या होऊ नयेत म्हणून ढवळत कोण होतं? मी. त्या दिवशी मी खळीत मानेपर्यंत बुडालो होतो. म्हणून सांगतो, त्या कागदामागं काय होतं ते मला पक्कं ठाऊक होतं.

कागद आबांच्या घोटलेल्या भिंतीवर चढला, आणि बारशाला पाहुण्यांनी ती भिंत बघून तोंडात बोटं घातली. एकानं विचारलं, "मल्हारराव, चिकटवलाय कशानं?"

मल्हारला 'आईनं कणीक शिजवली' म्हणायची लाज वाटली. तो ताठ मानेनं म्हणाला, "विलायती गोंद हाय. एकदा लागला की लागला."

साखरबाईंनी ते ऐकलं. त्या गालात हसल्या आणि पाहुण्यांना घुगऱ्या वाढायला गेल्या. लेकाची लाज कोणती आई चव्हाट्यावर मांडते?

बारसं आटोपलं, पाहुणे गेले. आबांनी आपली खाट उचलली आणि ओसरीवर नेऊन टाकली. घोंगडी घेतली, तंबाखूची पिशवी घेतली. त्या दिवसापासून त्यांनी त्या भिंतीच्या खोलीत पाऊल टाकलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायचे, "हितं वारं चांगलं लागतंय."

त्याच सुमाराला माझे वाईट दिवस सुरू झाले. सून योगिनीनं काळा, न चिकटणारा तवा आणला. त्याच्याबरोबर लाकडाचं उलथणं आलं. त्या तव्याला लोखंड लावायचं नाही म्हणे. योगिनी वाईट नव्हती हो, तिला नव्याची हौस होती. मी आधी मांडणीवरून खाली आलो, मग कोनाड्यात गेलो आणि शेवटी गोठ्यात. तिथं पावसाळ्यात बुटांचा चिखल खरवडायला मला वापरू लागले. ज्यानं खवा खरवडला त्यानं चिखल खरवडावा! माझ्या शेजारी खुंटीला एक खुरपं टांगलेलं होतं. ते रोज शेतात जायचं, त्यामुळं त्याची ऐट विचारू नका. माझ्याकडं बघून त्याची धार अशी चमकायची, जणू म्हणतंय, 'बिनधारेचं लोखंड ते काय लोखंड!'

अशी चार वर्षं गेली.

१९९७ ची दिवाळी झाली आणि आबांचा खोकला वाढला. आयुष्यभर चुना आणि वाळू छातीत गेलेली. उजवा हातही थरथरायचा, त्यामुळं थापी कधीच सुटली होती. मल्हारनं त्यांना बारामतीला डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टर म्हणाले, थंडी यायच्या आत आबांना ओसरीवरून आत घ्या. उघड्यावर आणखी एक हिवाळा त्यांना झेपणार नाही. पण खोलीत ओल आणि कुबट वास असेल तर त्याचा उपयोग नाही.

आता तुम्हीच विचार करा. त्या कागदामागं पावसाळ्यात ओल धरली होती. विटा जागोजागी फुगल्या होत्या. द्राक्षाच्या वेलांवर काळे ठिपके आले होते. झुरळं तर त्या भिंतीवरून हलतच नव्हती. खोलीत पाऊल टाकलं की नाकाला वास भिडायचा.

आबा म्हणाले, "त्या कागदाच्या खोलीत मी येनार न्हाय. ज्या भिंतीला श्वास घेता येत न्हाय, तिच्याशेजारी मला कसा येईल?"

मल्हार म्हणाला, "बरं, कागद काढतो. मग तर याल?"

"काढ. पन माझ्या भिंतीला खरचटलं तर मी ओसरीवरच बरा. ती माझी शेवटची भित हाय. आता ह्या हातानं दुसरी व्हायची न्हाय."

झालं! कागद निघाला पाहिजे आणि भिंत जशीच्या तशी राहिली पाहिजे. नाहीतर म्हातारा थंडीत बाहेर. योगिनीचं दोन दिवस स्वयंपाकात लक्ष लागेना. साखरबाई ओसरीवर जाऊन आबांच्या अंगावर तिसरं घोंगडं टाकून यायच्या.

मल्हारला घाई फार. त्यानं गोठ्यातून खुरपं नेलं. माझ्या शेजारचंच. कोरड्या कागदाच्या एका कोपऱ्यात त्यानं खुरपं घातलं आणि उचकटलं. कर्रर्र आवाज आला. कागद वितभर निघाला, पण त्याच्या पाठीला चिकटून गिलाव्याचा कपचाही आला. भिंतीत तळहाताएवढा खड्डा पडला.

आबा काठी टेकत उंबऱ्यापर्यंत आले. त्यांनी बाहेरूनच काठीनं कपचा ओढून घेतला, अंगठ्यानं पुसला आणि धोतराच्या सोग्यात बांधला. "राहू दे आता," एवढंच म्हणाले आणि ओसरीवर परत गेले.

मल्हारचं तोंड उतरलं. रागानं नव्हे, अपराधानं. त्यानं दुसऱ्या दिवशी बारामतीहून मोहनराव ठेकेदाराला बोलावलं. मोहनराव मोठा मनमिळाऊ माणूस. चार बोटांत अंगठ्या आणि तोंडात सुपारी. त्यांनी कागदावर टकटक केली, नखानं खरवडून बघितलं.

"कशानं चिकटवलंय, मल्हारराव?"

मल्हारनं चार वर्षांपूर्वी सांगितलेलं खोटं आता गळ्याशी आलं होतं. पण तोंडातून जुनंच निघालं. "विलायती गोंद."

"मग इसरा," मोहनराव म्हणाले. "विलायती गोंद गिलावा घिऊनच निघतो. छन्नी-हातोडा लावू, सगळा गिलावा उतरवू, सिमेंट मारू, वर ऑइल पेंट. आठ दिवसांत भिंत आरशावानी."

ओसरीवरून आबांचा आवाज आला. "मोहनराव, आरशावानीच हाय ती. तुमी तिचं तोंड झाकलंय."

"आबा, म्या न्हाय झाकलं, तुमच्या ल्योकानं झाकलंय!"

सगळे हसले. आबाही हसले असावेत, पण त्यांना खोकल्याची उबळ आली आणि ती लवकर थांबेना. आतल्या खोलीत हसू मावळलं. मोहनराव हळूच म्हणाले, "उद्या सकाळी मानसं पाठवतो. लवकर उरकू."

साखरबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. त्यांनी एकदा ओसरीकडं पाहिलं, एकदा मल्हारकडं पाहिलं. मल्हार खाली बघत होता. मग त्यांनी पदर खोचला.

"मोहनराव, मानसं पाठवू नगा. कसला विलायती आन् कसलं काय! माझ्या चुलीवरची कणीक हाय ती. म्या शिजवलीया. दोन शेर."

मोहनरावांची सुपारी गालातच राहिली.

"कणीक?"

"व्हय, कणीक. झुरळं काय इंग्रजी शिकल्यात म्हनून चाटत्यात का तितं?"

मोहनराव इतके हसले की त्यांना खांबाला धरावं लागलं. मल्हार कानापर्यंत लाल झाला. मग तोही हसायला लागला. चार वर्षांचं ओझं उतरल्यावर माणूस हसतो तसं. म्हणाला, "आयनं माझी अब्रू राखली होती, मोहनराव. आज इकली."

"इकली न्हाय रं," साखरबाई म्हणाल्या, "घोंगड्यावानी तुझ्या बापाच्या अंगावर घातली."

मग त्या भिंतीजवळ गेल्या. खळ सुकून चिकटलेली म्हणजे काय? पातेल्याला धरलेली कणकेची खरवड. आणि तिच्याखाली घोटलेला चुना म्हणजे काय? कल्हई. पुढचं त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. आधी भिजवायचं, मग थांबायचं, मग काढायचं.

पण पहिलाच हंडा पाणी वाया गेलं. कागदाचा वरचा थर रबरासारखा. पाणी त्या विटांवरून घरंगळून जमिनीवर आलं. आत थेंब गेला नाही. योगिनी म्हणाली, "चाकूनं चिरा पाडू का?"

ओसरीवरून ओरडा आला, "चाकू लावशील तर बघ!"

आबांना दिसत काही नव्हतं, पण कान भिंतीत होते.

साखरबाई विचारात पडल्या. मग योगिनीनं हळूच फडताळ उघडलं आणि दिवाळीच्या करंज्यांचं कातणं काढलं. ते दातेरी चाक असतं ना, करंजीची कड कापायला, ते. "आत्याबाई, हे चालंल? ह्याचे दात बारीक हायेत. वरच्या थरातच जातील."

साखरबाईंनी सुनेकडं असं बघितलं, जसं चार वर्षांत बघितलं नव्हतं. "पोरी, तुझ्या तोंडात तूप-साखर घालायला पायजे!"

योगिनीनं कातणं हलक्या हातानं फिरवलं. आडवं, उभं, तिरकं. विटांवर ठिपक्यांच्या रांगा उमटल्या. आता कोमट पाण्यात भिजवलेली जुनी लुगडी भिंतीवर थापली आणि वरून वाटी वाटी पाणी सोडलं. पाणी छिद्रांतून आत झिरपू लागलं. पण तेवढ्यात आबा दारात येऊन उभे राहिले. खोलीच्या आत नाही, उंबऱ्याच्या बाहेर.

"किती येळ ठेवनार?"

"सुटंपतुर."

"सुटंपतुर म्हंजी? ही कढई न्हाय. चुना लई पानी पिला की फुगतो. मग साय सुटती."

"मग किती?"

"अर्धी घटका ठेव. लुगडं काढ. नखानं कड दाब. नख रुतलं तर बास. न्हाय रुतलं तर पुन्ना. एका टायमाला हातभर भितच भिजव. सगळी एकदम न्हाय."

"आता आलं बोलनं! चार वर्सं तोंड शिवलं हुतं," साखरबाई म्हणाल्या. पण त्यांनी तसंच केलं.

मित्रांनो, एकीला पाण्याचं कळत होतं आणि एकाला चुन्याचं. दोघांचं मिळून त्या भिंतीचं कळलं.

कड सुटली. आता आत काय सरकवायचं? मोहनरावांनी आपल्या पिशवीतून रंगाऱ्याचा पत्रा काढून दिला होता. त्याचे कोपरे टोकदार. पहिल्याच सरकवण्यात भिंतीवर केसाएवढी रेघ उमटली. साखरबाईंनी पत्रा खाली ठेवला. डावा हात पुढं केला, बोटं अशी वळली जशी काही तरी धरायला वळतात, आणि त्या म्हणाल्या,

"माझं उलथणं कुठं हाय?"

घरात शोधाशोध सुरू झाली. मांडणीवर नाही, कोनाड्यात नाही. मल्हार गोठ्यात आला. मी चिखलानं बरबटलेला, खुंटीखाली पडलेला. त्यानं मला उचललं, तेव्हा वर टांगलेलं खुरपं चमकलं नाही. त्याच्या टोकाला अजून गिलाव्याची पांढरी पूड होती.

योगिनीनं मला राखेनं घासलं, धुतलं, पुसलं. साखरबाईंनी मला डाव्या हातात घेतलं आणि माझ्या झिजलेल्या गोल कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. बारा वर्षं भाकऱ्यांनी, कढयांनी, खरवडींनी तो कोपरा घडवला होता. माझी धार नसणं हेच त्या दिवशी माझं भाग्य ठरलं.

त्यांनी मला भिंतीवर निजवलं. गोल कोपरा आधी आत घातला. कागद उचलायचा नाही, कागदाच्या खालून चालायचं. मी सरकलो. खळ मऊ झाली होती, माझ्याच हातची खळ, तिनं मला ओळख दिली. कागद मोकळा झाला की योगिनी तो धरायची. अंगाकडं ओढायचा नाही, भिंतीला घासून खाली खाली ओढायचा. अंगाकडं ओढला की गिलावा उपटतो, हे तळहाताएवढ्या खड्ड्यानं शिकवलं होतं. वरचा फुगीर थर निघाला तर खाली पातळ कागद राहायचा. मग पुन्हा ओलं लुगडं, पुन्हा थांबणं, पुन्हा मी.

असे तीन दिवस गेले. मल्हारनं साहेबांकडून सुट्टी घेतली आणि चुलीवर पाणी तापवायचं काम पत्करलं. आबा उंबऱ्याबाहेर खुर्ची टाकून बसायचे आणि तिथून सूचना सोडायचे. "वरती ऱ्हायलं... तितं कोरडं पडलं... अगं, खाली खाली..."

साखरबाई एकदा म्हणाल्याच, "आत या आन् सांगा की."

"पुरी हुंद्या."

तिसऱ्या दिवशी दुपारी शेवटचा द्राक्षवेल खाली पडला. पण भिंत चमकली नाही. खळीचा पिवळट थर तिच्यावर होता. मल्हार हिरमुसला. साखरबाईंनी मऊ फडकं कोमट पाण्यात पिळून भिंत पुसायला घेतली. पाणी मळलं की बदलायचं, फडकं घासायचं नाही, नुसतं टिपायचं. मग दारं-खिडक्या उघड्या ठेवून दोन दिवस भिंत वाळू दिली. ऊन आत येऊ दिलं. वास गेला. झुरळांनी दुसरं घर शोधलं.

उरला तो तळहाताएवढा खड्डा.

आबा परसात गेले. काठीनं जमीन उकरली आणि सोळा वर्षं पुरलेलं ते मडकं मल्हारकडून काढवून घेतलं. वरचं पाणी ओतलं. आत चुना होता, लोण्यासारखा. साखरबाईंनी बोट लावून बघितलं. लोणच्याचा विनोद त्या पुन्हा कधी करणार नव्हत्या.

आबांनी बारीक वाळू चाळायला लावली, गुळाचं पाणी घातलं. सोग्यात जपून ठेवलेला कपचा बारीक करून तोही त्यात मिसळला. खड्ड्याच्या कडा ओल्या केल्या. आणि मग ते उंबरा ओलांडून आत आले. चार वर्षांनी.

थापी उचलली, पण उजवा हात थरथरत होता. थापीची कड गिलाव्याला टेकताच कापू लागली. आबांनी थापी ठेवली. बायकोकडं बघितलं.

"तुझं ते उलथणं दे. त्याला धार न्हाय. हात हालला तरी भित कापनार न्हाय."

मित्रांनो, त्या दिवशी मी थापी झालो. आबांचा उजवा हात माझ्या दांड्यावर, आणि त्या हातावर साखरबाईंचा डावा हात. दोघांनी मिळून चुना दाबला, सारखा केला, माझ्या पाठीनं घोटला. मोहनराव मुद्दाम बघायला आले होते. त्यांनी खड्ड्याची जागा शोधली आणि त्यांना ती सापडायला वेळ लागला.

"आबा," ते म्हणाले, "माझ्या मानसांना शिकवा की हे."

"शिकवतो. पन आधी खुरपं घरी ठिवून या म्हनावं."

त्याच संध्याकाळी आबांची खाट आत आली. भिंतीला लागून. आठवड्यानं रतन डाळजहून बापाला बघायला आली. तिनं पिवळं पातळ नेसलं होतं. ती सहज भिंतीजवळ बसली आणि भिंतीत एक पिवळी सावली हलली. यावेळी 'अगं बया' म्हणायला बायका नव्हत्या. आबांनीच ते म्हटलं.

आता मी पुन्हा मांडणीवर आहे. काळ्या तव्याला मला लावत नाहीत, ठीक आहे. ज्याचं त्याचं काम. पण खवा असला की मला बोलावतात. खुरपंही आपल्या जागी आहे. आम्ही आता एकमेकांशी नीट वागतो. त्याच्यावाचून शेत नाही आणि माझ्यावाचून ती भिंत नव्हती.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादी वस्तू जुनी झाली, झिजली, तिची धार गेली, म्हणून तिला चिखलात टाकू नका. झिजताना ती काही तरी शिकलेली असते. आणि चिकटलेलं काही सोडवायचं असेल, मग तो कागद असो, भांड्याचा तळ असो की माणसाचं मन असो, तर एकदम उचकटू नका. कोमट पाणी घाला. थोडं थांबा. आडवा हात घेऊन खालून जा. खालची साय जपा.

आबांनी दोन हिवाळे त्या भिंतीजवळ काढले, पाठीशी कोरडा चुना आणि अंगावर एकच घोंगडं घेऊन. महाशिवरात्र होऊन गेल्यावर, रविवारी, २१ फेब्रुवारी १९९९ रोजी सकाळी, कुंडलिक आबा त्या खोलीत वारले.